मनगट दे

व्यक्तिचित्र म्हटल्यावर तुम्ही रुमाल काढून बसला असाल तर आधी तो खिशात ठेवा. आमचे सर वारलेले नाहीत. चांगले ठणठणीत आहेत. गेल्या वर्षी मुलीकडे पुण्याला राहायला गेले, आणि आता तिथला वॉचमन त्यांना बघून जिन्याखाली लपतो असं त्यांची मुलगीच फोनवर सांगत होती. ते मायाळू वगैरे नव्हते. त्यांनी कुणाची फी भरली नाही. त्यांच्या डोळ्यांत करुणा नव्हती, मोतीबिंदू होता, तो काढला. त्यांनी मला घडवलं असंही मी लिहिणार नाही. बारावीला त्यांच्याच जीवशास्त्रात मला छत्तीस मार्क होते, म्हणजे काय घडवलं ते तुम्हीच बघा.

मग लिहितोयस कशाला, म्हणाल. छळ झालाय म्हणून लिहितोय.

सरांचं सगळं आयुष्य बदामाभोवती फिरायचं. खायचा नव्हे. आपल्या डोक्यात, दोन्ही कानांच्या रेषेत, आत खोलवर, बदामाएवढे दोन गोळे असतात. त्याला अमिग्डाला म्हणतात. सर म्हणायचे, भीती तिथे शिजते. नुसती भीती नाही, राग, हाव, गोडाची ओढ, सगळ्याचा पहिला कढ तिथे. तुम्ही विचारबिचार करायच्या आधी बदाम निर्णय देऊन मोकळा झालेला असतो. इथपर्यंत ठीक आहे, पुस्तकातही आहे. पण सरांनी ते पुस्तकात राहू दिलं नाही. एसटीचा कंडक्टर पासवरून खेकसला की सर शांतपणे म्हणायचे, "तुमचा बदाम बोलतोय, तुम्ही स्वतः काय म्हणता ते सांगा." कंडक्टर स्वतः जे म्हणायचा ते इथे लिहिता येणार नाही.

आणि दुसरं म्हणजे मनगट. कोण जरा दचकला, चिडला, लाजला, की सरांचा हात आलाच. "मनगट दे." तीन बोटं नाडीवर, डोळे घड्याळावर, पंधरा सेकंद मोजायचे, गुणिले चार. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात अंतरपाट धरलाय, भटजी 'सावधान' म्हणतायत, आणि सर आहेराचं पाकीट काखेत धरून थेट नवरदेवाच्या मागे. "एकशे सोळा," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जागा आहे बदाम." नवरा पावस गावचा, साधा माणूस. त्याला वाटलं हा काही विधी आहे, त्यानं दुसराही हात पुढे केला.

वर्गात तर आम्ही उंदीरच होतो. अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात सर एका हातात सायकलची घंटी आणि दुसऱ्या हातात डब्याचं पत्र्याचं झाकण घेऊन आले. ट्रिंग, आणि मागोमाग झाकण धाडकन टेबलावर. ट्रिंग, धाड. आठवडाभर हेच. सोमवारी नुसतीच ट्रिंग केली, तर अख्खा वर्ग बाकावरून उडाला. सर खूश. "घंटीनं कधी कुणाचं वाईट केलंय? पण बदामानं जोडी लावली."

मग जोडी सोडवायची म्हणून महिनाभर नुसती घंटी. इतकी, की शेवटी शेवटी आम्ही घंटीच्या तालावर डुलक्या काढायला लागलो. सर म्हणाले, "झाले मोकळे." दुसऱ्या दिवशी आमच्या आळीत दूध घालून निघताना दूधवाल्यानं घंटी वाजवली आणि मी पातेलीभर दूध आईच्या पायावर ओतलं. हे सरांना सांगितलं तर सॉरी नाही, काही नाही. वही काढून लिहून घेतलं, "दूधवाला. मनोरंजक." मनोरंजक. मार मी खाल्ला होता.

गोडाचंही तेच. बरोबर उत्तराला फणसपोळीचा तुकडा द्यायचे. एक दिवस दिला, मग तीन दिवस नाही, मग एकदम दोन, मग आठवडाभर नाही. रोज मिळाली असती तर कंटाळलो असतो, कधीच मिळाली नसती तर सोडून दिलं असतं. मिळेल-न-मिळेल अशी ठेवली म्हणून आम्ही वर्षभर हात वर करून बसलो, खांदे दुखेपर्यंत. प्रश्न न ऐकता हात वर. "आता तुम्हाला तुमच्या हातातला मोबाईल कळेल," असं सर म्हणाले होते. तेव्हा नाही कळलं. आता मी मारुती मंदिराजवळ मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो, रोज गिऱ्हाइकं बघतो, तेव्हा कळतं. पण सर, फणसपोळी तरी पूर्ण द्यायचीत.

रिटायर झाल्यावर शांत बसतील असं वाटलं होतं. तर बंदरावर मासळी बाजारात जायला लागले. मासे घ्यायला नव्हे, डोकी घ्यायला. सुरमईचं डोकं, तांबोशाचं डोकं, पिशवीत घालून घरी, आणि ओट्यावर चिमटा घेऊन मेंदू शोधत बसायचे. "माशाला आपल्यासारखा बदाम नसतो," कोळणींना उभ्या उभ्या सांगायचे, "पण बदामाचं काम करणारा तुकडा असतो. गळ बघून पळतो ना, तो तुकडा." कोळणी वैतागायच्या. गिऱ्हाइकाला गळ-बिळ सांगितलं तर मासा कोण घेणार?

त्यांतल्या एकीनं मात्र एक दिवस डोकं पिशवीत टाकता टाकता हात थांबवला. तिचा नवरा तांडेल. म्हणजे मासेमारीच्या बोटीवरचा मुख्य माणूस, सुकाणू त्याच्या हातात, खलाशी त्याच्या शब्दावर. ती म्हणाली, "मास्तर, डोक्यातलं एवढं कळतं तुम्हाला, तर माझ्या माणसाचं डोकं बघा की."

झालं होतं असं. दिवाळीनंतर एका पहाटे खोल पाण्यात वारं उठलं, आणि नेमकं तेव्हा बोटीचं इंजिन दोनदा ठसकलं आणि बंद पडलं. बोट लाटांना आडवी झाली. दोन तास सगळे फळ्या धरून. माणसं वाचली, दुसऱ्या बोटीनं ओढून आणलं, कुणाला खरचटलंही नाही. पण तांडेल त्यानंतर बोटीवर चढला नाही. कुठलंही इंजिन ठसकलं, शेजारची रिक्षा, विहिरीवरचा पंप, की हा माणूस घामानं भिजायचा आणि हाताला येईल ते घट्ट धरून बसायचा. एकदा एसटीत परक्या बाईचा दंड धरला, त्यावरून मोठं रामायण झालं. उरलेला हंगाम बोटीच्या मालकानं बदली माणसावर काढला. आता पावसाळा, मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर. मालकानं स्वच्छ सांगितलं होतं, हंगाम उघडेल त्या दिवशी तुम्ही स्वतः बोट बाहेर काढा, नाहीतर गुहागरकडचा तांडेल मी बोलून ठेवलाय. चाळीस वर्षांचा माणूस, पंधराव्या वर्षापासून समुद्रावर. दुसरं त्याला काही येत नव्हतं.

सर आधी त्याला मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले, हे खरं सांगायला हवं. त्या म्हणाल्या, आवाजाची सवय करू, पण हळूहळू, लांबून, आणि प्रत्येक वेळी त्याला विचारून. सरांनी मोबाईलवर इंजिनाचा आवाज लावून बघितला. तांडेल म्हणाला, "हा मिक्सर हाय." बोटी तर बंद. मग आवाज आणायचा कुठून?

मी दुकानात एका फोनची काच बसवत होतो. सर आत आले, माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "माकडा, शाळेच्या गॅदरिंगला तू लाँचचा आवाज काढायचास ना?"

तिथून माझे भोग सुरू झाले. रोज सकाळी सात ते आठ, सरांच्या अंगणात. तांडेल पडवीत जाळं सांधत बसलेला, बाजूला ताटलीत फणसाच्या उकडलेल्या आठळ्या आणि चहा, सर त्याचं मनगट धरून, आणि मी अंगणाच्या टोकाला विहिरीपाशी पोफळींच्या मागे, एका हातात छत्री, तोंडानं धग धग धग धग, ठस्स. ठस्स. आणि गप्प. पुन्हा. पावसात. रस्त्यावरून जाणारी पोरं थांबून बघायची. एका म्हातारीनं सरांना विचारलं, "ह्याला कधीपासून होतंय असं?"

आवाज शिकवला तो तांडेलानंच. पहिल्या दिवशी माझा आवाज ऐकून त्याची नाडी हललीच नाही. सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परीक्षेत कोरा पेपर दिलाय. तेव्हा तांडेल जाळ्यावरून मान न उचलता म्हणाला, "असा नाय येत तो. आधी एक ठसका. मग जरा दम खातो. तुला वाटतं सुटलो. मग दुसरा येतो, तो खालून येतो, पोटातून." आणि हे सांगताना त्याच्या कपाळावर घाम आला. मी खालून, पोटातून काढला. जाळ्याची सुई त्याच्या हातातून पडली. "एकशे बत्तीस," सर म्हणाले, "हाच. आता रोज हाच."

रोज तीन पावलं पुढे. तांडेलानं मान हलवली तरच. कधी नाही म्हणायचा, मग मागच्याच खुणेवर थांबायचं. सर पाटीवर आकडे मांडायचे. एकशे वीस, एकशे चोवीस, एकशे बारा. मला आठळी देत नव्हते. मागितली तर म्हणाले, "ती त्याच्या बदामासाठी आहे, तुझ्या पोटासाठी नाही." दुकानात उशीर झाला म्हणून दुकानमालकाचं बोलणं मी खायचो. घरी आई विचारायची घसा कशानं बसला. आणि सरांचं म्हणणं काय, तर ठसक्यांमधला दम आज अर्धा सेकंद कमी पडला.

पण श्रावण लागता लागता मी पडवीत चढलो. मग त्याच्या बाजूला. मग थेट कानाशी, धग धग धग, ठस्स, ठस्स. तांडेलानं माझ्या तोंडासमोर ताटली धरली आणि म्हणाला, "आठळ्या संपल्या बघ." नाडी बहात्तर. सरांनी पाटी पुसली नाही, तशीच खुंटीला टांगली, बक्षीस मिळाल्यासारखी.

हंगाम उघडला त्या दिवशी जेटीवर ही गर्दी. बोटींना हार, अगरबत्त्या, डिझेलचा वास. सर मागे राहिले होते, नारळ घेऊन येतो म्हणाले. भरतीचं पाणी होतं, दीड वाजेपर्यंत निघायला हवं, नंतर ओहोटी. बोटमालक टोपी घालून उभा. तांडेलाची बायको टोपलीवर हात ठेवून उभी. तांडेल बोटीच्या कडेला, एक पाय जेटीवर, दुसरा उचललेला, दोरी हातात. बघत होता नुसता. पण बरा होता.

मी खलाशांच्या घोळक्यात. खलाशी म्हणजे अर्धे आमच्याकडचे, अर्धे नेपाळी, आणि सगळे रिकामे. एकजण म्हणाला, मालकांची नक्कल कर. केली. हसले. फिशरीजच्या साहेबाची केली. जास्त हसले. सरांची केली, मनगट-बिनगट धरून. नेपाळी पोरं सरांना ओळखत नव्हती, तरी पोट धरून हसली. आणि एकदा लोक हसायला लागले की मला थांबता येत नाही, हे माझ्या शाळेतल्या कुणालाही विचारा. कोणीतरी म्हणालं, इंजिनाची कर की. आणि माझ्या मनात खरंच आलं की त्यात आता काय, तांडेल तर रोज आठळ्या खात ऐकतो.

मी केली. घसा साफ करून, खालून, पोटातून.

दुसऱ्या ठसक्याला तांडेलाचा उचललेला पाय मागे आला. मग दुसराही. तो बर्फाच्या पेटीवर बसला आणि दोरी दोन्ही हातांनी अशी धरली की बोटं पांढरी पडली. कुणी हसेना. मालकानं तांडेलाकडे बघितलं, मग खिशातून मोबाईल काढला. तांडेलाची बायको माझ्याकडे बघत होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी पळालो. कोपऱ्यावर रिक्षा पकडली, दुकानात आलो, आणि शटर अर्धं ओढून आत बसलो.

पंधरा-वीस मिनिटांनी शटरखाली सरांच्या चपला दिसल्या. मला वाटलं आता कानफटात. सर वाकून आत आले आणि म्हणाले, "मनगट दे." मोजलं. "एकशे छत्तीस. चल."

रिक्षात ओरडतील म्हणून मी कोपऱ्यात सरकलो, तर ते समोर बघत म्हणाले, "चूक माझी आहे." त्यानं मी जास्तच घाबरलो. सरांची चूक असते हे मला माहीत नव्हतं. "भीती पुसली जात नाही रे. बदाम ठेवून घेतो ती. आपण तिच्यावर दुसरी शिकवण ठेवतो, की हा आवाज आला तरी काही होत नाही. पण ती शिकवण जागेला चिकटलेली असते. मी त्याला माझ्या अंगणात शिकवलं. जेटीवर नाही. दूधवाला माझ्या वहीत होता. मी वाचला नाही." रिक्षावाला आरशातून बघत होता. त्याला वाटलं असेल दूधवाल्यानं काहीतरी गुन्हा केलाय.

तांडेल तिथेच होता, त्याच पेटीवर. एक वाजून गेला होता. मालक फोनवर बोलत होता, "संध्याकाळपर्यंत पोचतोस का," एवढं मला ऐकू आलं. सर जाऊन तांडेलासमोर उकिडवे बसले.

"इथे करायचं का?" सरांनी विचारलं.

तांडेलानं आधी बोटीकडे बघितलं. मग मनगट पुढे केलं.

मी केला आवाज. तो थरथरला. पुन्हा केला. पुन्हा. आठळ्या नव्हत्या, त्याच्या बायकोनं कुणाकडून तरी चहा आणून त्याच्या हातात दिला, तो अर्धा सांडला. दहाव्याला सर म्हणाले, एकशे अठ्ठावीस. पंधराव्याला तेवढाच. मालक घड्याळ बघायचा, मग पाणी बघायचा. विसाव्यानंतर माझा घसा गेला. बाविसाव्याला धग धग बरी झाली, पण ठसका जो निघाला तो इतका बारीक, चिरका, की एक नेपाळी पोरगा फसकन हसला आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

तांडेलानं वर बघितलं. "हे इंजिन नाय," तो म्हणाला, "बोकड हाय."

"पुन्हा," सर मला म्हणाले. पुन्हा बोकडच आला. तांडेलाची बोटं दोरीवरून सुटली. सर पुटपुटले, "एकशे आठ," आणि स्वतःच आपला हात काढून घेतला. तांडेल उठला, लुंगी सावरली, आणि चढला. असाच, बाजारात जातात तसा.

खाली जाऊन त्यानं इंजिन चालू केलं. आणि ते ठसकलं. खरं इंजिन, खरा ठसका, दोन महिने बंद असलेलं. मी डोळे मिटले. मग पत्र्यावर हात मारल्याचा आवाज आला आणि तांडेलाचा आवाज, "गप." इंजिनानं दम खाल्ला आणि धडधडायला लागलं. बोट निघाली. मालकानं फोन कानाला लावून सांगितलं, "नको रे, राहू दे."

आता मला वाटलं, पाठीवर थाप मिळेल. घसा फाडलाय मी. सर वळले, आणि तिथेच, कोळणींच्या रांगेसमोर, सुरू झाले.

"माकडचेष्टा केलीस, ते मी धरत नाही. माकडच आहेस, लोकांचं हसणं म्हणजे तुझी फणसपोळी. पण पळालास का?"

"घाबरलो, सर."

"घाबरलास. आणि तो?"

"तोपण घाबरला होता."

"तो कुठे पळाला?"

मी त्या बर्फाच्या पेटीकडे बघितलं.

"मी विचारतोय तुला. त्याचं घर इथून दहा मिनिटांवर. उठून जाता आलं असतं. सगळं बंदर बघतंय, मालक बघतोय, बायको बघतेय, आणि तो बसून राहिला त्या पेटीवर. कशासाठी? तुझा आवाज परत यायची वाट बघत. दुसऱ्या कुणाकडे तो आवाज नव्हता. आणि तू शटर ओढून बसलास. मी आलो नसतो तर कधी येणार होतास तू?"

मी चपलेनं जेटीवरचे खवले सारले.

"वेळ सांग. किती वाजता?"

खोटं बोलायला घसा उरला नव्हता. "जेवून," मी म्हटलं.

कोळणींतली एक "अगो बाय" म्हणाली. सरांनी माझं मनगट धरलं नाही. नुसतं बघितलं, आणि मग तांडेलाच्या बायकोकडे वळून म्हणाले, "ऐकलंत ना वहिनी? जेवून येणार होता. ह्याला विचारा, आज घरी काय होतं जेवायला."

ती टोपली डोक्यावर घेत म्हणाली, "विचारत नाय मास्तर. मला नाय ऐकायचं." आणि माझ्या अंगावरून निघून गेली.